जिरलेली गाभोळी

— ही मासळी बी फाड. तूच फाड, तुझ्या हातानं.

— अक्का, किती फाडायला लावतीस? समद्या सारख्याच हायत.

— तेच म्हणते मी. समद्या भरलेल्या. बघ, कण्याला लागून दोन पिशव्या, दोन्ही टम्म. पिवळे दाणे पिकलेले, अन् त्यांच्या आड पांढरे बारके, मागून पिकायचे. परवा काठावर माझ्याम्होरं ठेवल्यास, त्यांची गाभोळी कशी होती?

— जिरलेली.

— पिशवी लोळागोळा, आत नुसतं पिवळं पाणी. ते बघून मी साऱ्या मच्छीमार सोसायटीम्होरं सांगितलं, औंदा अंडी पोटातच जिरली, पिल्लं व्हायची न्हाईत, खुशाल जाळं टाका.

(तलवाड्याजवळच्या तळ्याचा काठ. पाणी पार मधल्या डोहापर्यंत हटलेलं. बायनाबाईंच्या पुढ्यात आजच्या जाळ्याच्या ओढीतली बोटाएवढी मासळी, समोर धाकटा भाऊ जालिंदर. त्याच्याकडं बघायला त्यांचं मन होईना.)

— कुठून आणलीस ती मासळी?

— खदानीतल्या डबक्यातून.

— तरीच. तिथं पाणी तापलेलं, खायला कायबी न्हाई. उपाशी मासळी आपलीच अंडी पोटात जिरवती, हे तुला मीच शिकवलं जाल्या.

— चेअरमन भगवानराव म्हणले, व्यापाऱ्याला जबान दिली हाय. तू भरली म्हणली असतीस तर एकानंबी जाळं उचललं नसतं.

— न्हाईच उचललं असतं. आईच्या वक्तापासून दुष्काळात आपल्या घरची बाई मासळी फाडती. ती भरली म्हणली की चेअरमनचंबी चालत न्हाई. तुला काय देतो म्हणला भगवानराव?

— तळ्यावर राखणदार. कायम.

— मासळी संपल्यावर राखणार काय?

— अक्का, तळं तसंबी आटणारच होतं.

— मधला डोह आखाडापर्यंत दम धरतो. बाहत्तरात धरला, तेवढ्याच मासळीच्या बियाण्यावर तळं पुन्हा भरलं. उद्या सकाळी तो डोह ओढायचाय. आत्ता चल माझ्यासंगं. धोंडीराम, पारूबाई, समदे पारावर बसलेत. तुझ्या तोंडानं सांग.

— माझ्यानं न्हाई व्हायचं. लोक मला सोसायटीतून काढतील.

— मग मी सांगते.

— सांग. पण परवा तूच जिरली म्हणलीस, आज भरली म्हणशील. कोण ऐकंल?

— हे बी भगवानरावानंच शिकवलं का?

— न्हाई. हे मला आत्ता सुचलं.

— लई शिकलास. लोकांचा माझ्या डोळ्यावर भरवसा होता रं. तेवढीच माझी इज्जत होती या काठावर. ती तू व्यापाऱ्याच्या टोपलीत टाकलीस.

— तुला फसवायचं मनात नव्हतं. खरंच सांगतो. त्या वक्ताला तू नुसतं विचारलं असतंस, जाल्या, ही मासळी कुठल्या पाण्याची, तर माझ्या तोंडून खोटं निघालं नसतं.

— चुलत्याला विचारलं असतं. धोंडीरामला तर दोनदा विचारलं असतं.

— मग मला कावून न्हाई विचारलंस?

— तू आणलीस म्हणून.