छपराखालचा झरोका

— नाई हो मॅडम, भिंतीत काई खोट नाई. तुमचं ते यंत्र बरोबरच सांगून राह्यलं, रात्री पुऱ्या टोलीत, साऱ्या वस्तीत, आमचंच घर तापलेलं रायते. बसा ना, पोंभुर्ण्याहून उन्हातानाच्या आल्या तुमी — चहा ठेवू? बरं, पानी तरी घ्या. खिडकी काऊन बंद, हेच विचारता ना? धूळ येते. धूळ, अन् — उंदीरबी येतात. हसू नका, तुमच्याकडचे उंदीर लहान असतीन.

घर त माह्याच मनानं बांधलं तुमी. वर्सोवर्स ऊन वाढून राह्यलं मनून हे थंड घरं आले, भिंती साऱ्याईच्या एकाच कारखान्यातल्या, धानाच्या तुसाच्या, पन पडवी कोनीकडे, खिडकी कोनीकडे, ते ज्याचं त्यानं मोबाइलवर ठरवायचं. मले जन्मात कोनी विचारलं नोतं, तुले काय पायजे मनून. मी बोट ठेवलं — मोठी खिडकी, तळ्याच्या अंगानं. तुमीच सांगतलं, रात्री उघडी ठेवा, गार हवा आत घ्या, सकाळी बंद करा. खरंच होतं ते. मे महिन्यात मी चादर घेतली आंगावर.

मंग? मंग काय — खिडकीले पेच मारले आमच्या घरधन्यानं. बाहेरून. आता तुमाले काय सांगू — सासू माही, गुणाबाई, जुन्या घरी आंगनात खाटेवर निजे, उन्हाळ्यात सारं गावच निजे. बिबट आला. ह्याईची खाट तिच्या खाटेले लागून, अन् ह्याईले जागच नाई आली. सकाळी खाट रिकामी, लुगडं पार नाल्यात भेटलं. तवापासून हे असे. खिडकीले लोखंडाची जाळी हाये, त्यातून मांजर नाई शिरत, हे त्याईले कळते का नाई? कळते. पन हात थांबत नाई त्याईचा. वाईट नाई मानूस, तसं नका लिवू. एक दिवस मी रडली त पेच काढले त्याईनं — अन् रातभर कुऱ्हाड घेऊन खिडकीसमोर बसले. मीच मनलं, लावा बापा, अन् निजा. आता दाराले आतून कुलूप, चाबी करदोड्याले बांधलेली. नववा लागला मले. रात्री कळा आल्या, अन् ह्याईले जाग नाई आली त — जाऊ द्या.

पेचकस हाये तुमच्या थैलीत, पाह्यला मी. नको. तुमी पेच काढान, जासान, रात्री त्याईच्या बाजूनं कोन बसन? मी निभावते. ते वर पाहा, छपराखाली, तो झरोका — तुमच्याच लोकाईनं ठेवला, गरम हवा जायले. त्याच्याखाली माही खाट. पहाटे तिथून जरासं गार उतरते, तेवढ्यावर निजतो आमी दोघं, मी अन् हे पोटातलं. ह्याईच्या ध्यानात हाये तो, रोज वर पाहून राह्यले, पन हात पोचत नाई अन् सिडी नाई घरात. हळू बोला.

तुमी लिवा, घर थंड हाये. लिवा ना, काय जाते तुमचं — थांबा. फाटक वाजलं. आले वाटते. — आले का? ह्या मॅडम, घर पाहाले आल्या होत्या, निघूनच राह्यल्या. अवो, ते खांद्यावर — सिडी कोनाची आनली?

उठा मॅडम. तुमी निघा आता.