बोटभर उतरलेला कोपरा

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाकांच्या शेजारी बहीणभाऊ बोलत बसले होते.

"आईच्या खोलीत छताला नक्षीची पट्टी? ताई, मान वर करून बघतंय कोण?"

"आईच. वर्षभर अंथरुणाला खिळल्यावर दुसरं काय बघणार ती?"

"कारागीर काय म्हणाला?"

"तो वर बघत होता, तेवढ्यात आईच बोलली. 'खिडकीकडचा कोपरा बोटभर उतरलाय. आधी तो सरळ कर.'"

"काहीतरीच!"

"त्याने शिडी लावून मोजलं. बरोब्बर एक बोट."

"पडल्यापडल्या कळलं तिला?"

"तो तर शिडीवरच थांबला. म्हणाला, 'आजी, तीस वर्षं हेच करतोय, मला नाही दिसलं. आता नक्षी तुम्हीच सांगा.'"

"...सांगितली?"

"फुलापानांसकट. कधीपासून मनात काढून ठेवली होती."

शिंपीकाकांना आतून दोनदा हाक आली. ते छताचे कोपरे बघत होते.