पाहुण्याकडे पाठ करायची नाही

—नाही, नाही, तू सरळच चाल रे, उलटं चालायचं काम माझं. पाहुण्याकडे पाठ करायची नाही, हा आमच्या थॉर्नबी कॉलेजचा दंडकच आहे. आठ महिने दर शनिवारी अशी मागं मागं चालत कॉलेज दाखवतेय मी—दोनदाच पडले, त्यात एकदा तळ्यात! तर मी रोवेना प्रुइट, पहिलं वर्ष, भूगर्भशास्त्र, गाव ओहायोत. आणि तू डेस्मंड, एकटाच, तेही असल्या पावसात. बरं झालं बाबा—आईवडील आले की वसतिगृहात उंदीर आहेत का, एवढंच विचारतात. आहेत. चल पुढं.

अरे थांब! पायाखाली बघ—ते फरशीतलं पितळी चिन्ह. त्यावर पाय पडला तर इथली डिग्री मिळत नाही म्हणतात. वळसा घाल. मी? मीही घालतेच की. खरं तर मी त्यावर नाचले तरी चालेल, मी इथून डिग्री घेतेय कुठं— अगं बाई! बोलून बसले ना. हे बघ, कुणाला सांगू नकोस, नाहीतर गाइडची ही लाल टोपी काढून घेतील. मला व्हिटलॉक विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाय. येते की नाही, ते त्यांना आज पाचपर्यंत कळवायचंय. जाणारच म्हणा. म्हणजे... जाणारच.

का म्हणजे? अर्जाच्या निबंधात लिहिलंय ते सांगू, की खरं सांगू? निबंधात लिहिलंय, मला मोठ्या प्रयोगशाळा हव्यात. डोंबलाच्या प्रयोगशाळा! आमच्या भूगर्भशास्त्राच्या ऑल्डनबाईंनी मला दगड फोडायला अख्खी खोली दिलीय, किल्लीसकट. शिफारसपत्रही त्यांनीच लिहिलं बिचाऱ्यांनी, आणि वर म्हणाल्या, ‘किल्ली असू दे तुझ्याकडेच.’ आता याला काय म्हणायचं, सांग. नाही रे, खरं कारण म्हणजे जेवायला कोणी नाही. वर्षभर ताट घेऊन उभी राहते, टेबलं सगळी भरलेली, मग घड्याळाकडे बघायचं, जसं काही मला कुठं तातडीनं जायचंय—आणि केळं खिशात घालून दगडांच्या खोलीत. रूममेट? चांगली आहे रे ती, पण तिला वीस मैत्रिणी, एकविसावीला जागा नाही. मीही कधी विचारलं नाही म्हणा, ‘इथं बसू का?’ पन्नास अनोळखी माणसांपुढं उलटी चालत अखंड बडबडते मी, आणि एवढं विचारायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. फार एकटं वाटतं रे. जाऊ दे. हे ग्रंथालय, दोन लाख पुस्तकं.

काय? माहितीपत्रकातला फोटो? हिरवळीवरचा? अरे देवा. हो, ती खदाखदा हसणारी मीच. बाकीच्या तिघांना मी त्याआधी पाहिलंसुद्धा नव्हतं! फोटोवाल्यानं धरून बसवलं, मग तोच घसरून आपटला, म्हणून हसलो. नंतर चौघं चार दिशांना. आणि तू तो फोटो बघून आलास? एवढ्या लांब? धन्य आहेस.

हे जेवणघर, शेवटचा मुक्काम. तुझं जेवण कॉलेजकडून. रेनकोट काढ की, किती निथळतोय— हे काय लिहिलंय स्वेटरवर? व्हिटलॉक? तू तिथं शिकतोस? आणि ते सोडून इथं येतोयस? लब्बाडा, तासभर मला बोलू दिलंस! मग सांग ना, प्रयोगशाळा कशा आहेत? उत्तम. प्राध्यापक? तेही उत्तम. मग काय बिनसलं?

हं.

तू खिशात काय घालतोस, केळं? ... सफरचंद. आणि कुठं बसून खातोस? जिन्यात. वर्षभर? ... वर्षभर.

बरं. टूर संपली. काही विचारायचं असेल तर ऑफिसात विचार, मला ओ की ठो कळत नाही. ताट घे—मॅकरोनी घे, सूप नको. हसू नकोस. पाच वाजायला अजून वेळ आहे. ते खिडकीजवळचं टेबल दिसतंय? हो, चौघंजण बसलेत, दिसतंय मला, आंधळी नाहीये. तू फक्त माझ्यामागं ये. आणि आता पाठ केली तर राग मानू नकोस, ताट घेऊन उलटं चालायला मला शिकवलेलं नाही. पडू नकोस. ये.

अं... ऐका ना. आम्ही दोघं इथं बसू का?