म्हणं कूलर बंद करा!

...आन् मला म्हणती, "मामा, कूलर बंद करा!" भर मे महिन्यात! कुटं? सोलापुरात! आता तुमीच सांगा, डोकं फिरंल का न्हाय माणसाचं? तुमाला सांगतो, ही पायल, आमची सून, कोकणातली. पोरगी गुणाची, पर उन्हातलं तिला काय कळतंय वो? आवो, सारी हयात चादरीच्या कारखान्यात काढली मी, पत्र्याखाली! पंचेचाळीस डिग्रीत टॉवेल गुंडाळून नव्या पेठेत हिंडणारा माणूस... आपण सोलापूरचे! ऊन आपल्याला काय करतंय?

तर त्या दिवशी आभाळ भरलेलं, झाडाचं पान हलंना, अंगाला नुसती चिकचिक. पायलनं मोबाईल फुडं धरला, "मामा, तापमान एकोणचाळीस आहे, पण पन्नास वाटतंय असं दाखवतंय. दमट हवेत घाम वाळत नाही, जिवावर बेततं." म्हणलं, वाटतंय? मला रोज वाटतंय मी आमदार हाय, म्हणून दारात गाडी आली का? एकोणचाळीस म्हंजी आमच्यात गारवा की वो!

मग केला आपला नेहमीचा बंदोबस्त. दारं-खिडक्या बंद, वर वली चादर, टाकीत पाणी, कूलर फुल! बायकोला, सुंदरम्माला, म्हणलं बस हितं, महाबळेश्वर हाय. भाईरनं पायल दार बडवती, "मामा, कोरड्या हवेत चालतं हो ते! आज कूलरनं आणखी दमट होईल, खिडक्या उघडा!" खिडक्या उघडा! आमच्यात मे महिन्यात दुपारी खिडकी फकस्त चोर उघडतो!

खोलीचं झालं इडलीचं भांडं. घाम निथळतोय, वाळायचं नाव न्हाय. सुंदरम्मा म्हणली, "अवो, जीव घाबरा व्हायलाय." मी म्हणलं, आपण सोलापूरचे! ऊन आपल्याला काय करतंय?

...आन् ती गप्प बसली.

आता तुमाला सांगतो, लगीन झाल्यापास्नं या बाईनं माझं एक वाक्य बिनउत्तराचं सोडलेलं न्हाय. झोपेत बरळलो तरी उत्तर देती! मी परत म्हणलं, ऊन आपल्याला काय करतंय... गप्प. बगतो तर अंग तव्यावानी तापलेलं, नजर भलतीकडंच, आन् मलाच इचारती, "कोण वो तुमी?" भ्यालो, लई भ्यालो. दार उघडून बोंबललो, "पायल! ये ग माय!"

पोरीनं कूलर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला, काखंत-मानंला बर्फ, अंगावर गार पाणी, आन् रिक्षानं थेट दवाखाना. डॉक्टर म्हणले, "उशीर केला असता तर हातची गेली असती." पायल एका शब्दानं मला बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं.

वाचली बाई. घरी आली. पर मी काय हार मानलेली न्हाय हां! ऊन आमचंच हाय, ही कोकणातली हवा आमच्या गावात शिरली कशी, ते इचारा की कुणाला तरी! हवा बदलली, मी न्हाय बदललो!

काल दुपारी खिडक्या उघड्या, कूलर गप. शेजारचा चांदसाब वाकून बगतो, "क्या बिरप्पा, उन्हाला घाबरला की काय?" म्हणलं, घाबरतंय कोण! आपण सोलापूरचे! ऊन आपल्याला काय करतंय?

आतनं सुंदरम्मा कडाडली, "परत म्हणून तर बगा, तुमालाच कूलरमधी कोंबते!"

आता रोज दुपारी म्हणतो, रोज शिव्या खातो... खातो की! उत्तर तर येतंय.