आटलेलं पाणी

वहिनी : काल एक पिंप ठेवलंत, आज हे दुसरं कशाला पण, भाऊजी? एकात भागलं नसतं? माझी कपडे वाळत घालायची सगळी जागा खाल्लीत तुम्ही.

भाऊजी : एक साध्या पाण्याचं, एक खाऱ्याचं. दादांनीच काढून ठेवलंय हे. हा बघा कागद. वर साधं, खाली खारं, मधे पाइप. पाच वर्षांपूर्वीचा आहे. ‘मागची गॅलरी’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय.

वहिनी : ते प्रश्नचिन्ह म्हणजे मी. गॅलरी मिळणार नाही, असं ठणकावून सांगितलं होतं तेव्हा.

भाऊजी : आता दिलीत ना?

वहिनी : शोभेच्या माशांच्या दुकानवाल्याने गाशा गुंडाळला म्हणून दिली. नाहीतर तयार खारं पाणी आणतच होते की त्याच्याकडून. दर आठवड्याला वीस लिटरचा कॅन, आणि हे तीन जिने. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय.

भाऊजी : मला सांगायचं ना. मी टाकला असता आणून.

वहिनी : सांगितलं की. ‘रविवारी येतो, वहिनी.’ कुठल्या रविवारी ते नाही बोललात, आणि मी विचारलं नाही. आठ झाले मधे.

भाऊजी : लोकांचे नळ काय वार बघून फुटतात का हो? तो टेप द्या जरा. तो नाही, पांढरा.

वहिनी : हा घ्या. प्लंबर दीर असला की घरातला नळ वर्षभर गळतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

भाऊजी : कोण म्हणतं?

वहिनी : मी.

भाऊजी : ऐकलं, ऐकलं. आता हे नीट बघून ठेवा. लाल मुठीचा व्हॉल्व्ह साध्या पाण्याचा, निळ्या मुठीचा खाऱ्याचा. आधी पाणी भरायचं, मग मीठ, उलटं करायचं नाही. शंभर लिटरला साडेतीन किलो. मीठ टाकलं की आतला पंप चालू करायचा आणि चांगला एक दिवस ढवळू द्यायचं.

वहिनी : साडेतीन किलो! काल मोजतानाच मनात आलं, जेवणात चिमूटभर जास्त पडलं तर ताट सरकवणारा माणूस हा.

भाऊजी : दादाच ते. काल टाकलेलं विरघळलं का बघा बरं वाकून. तळ दिसतोय?

वहिनी : दिसतोय. स्वच्छ आहे अगदी. आता लगेच टाकू का माशांच्या टँकमध्ये? सकाळचं टाकलंच नाहीये आज. पाण्याची रेघ चांगली दोन बोटं खाली गेलीय.

भाऊजी : थांबा हो, मोजायचं असतं आधी. एवढी कसली घाई?

वहिनी : घाई कसली म्हणजे? एकच राहिलीय ती, भाऊजी. अकरा मासे होते. हॉस्पिटलचा महिना दुकानवाला येऊन बघत होता, तेव्हा अकराच्या अकरा होते. ह्यांना घरी आणलं, टँक माझ्या ताब्यात आला, आणि एकेक करत दहा गेले. ती प्रवाळं तर पांढरीफट्ट पडली. आता फक्त आजीबाई.

भाऊजी : ती केशरी? पांढऱ्या पट्ट्यांची?

वहिनी : चौदा वर्षांची आहे. ह्यांचा हात आत गेला की बोटाला येऊन टोचायची. काल सकाळपासून दगडामागे आडवी पडलीय. कल्ले नुसते धपापतायत.

भाऊजी : वय झालं असेल, वहिनी.

वहिनी : असू दे झालं. पण तिच्याऐवजी दुसरं काही जाऊ दे, एवढंच मागणं आहे माझं. दोन महिने पलंग टँककडे वळवून ठेवलाय. टीव्ही लावला की डोळे मिटतात. पोरगी फोनवर दिसली तरी मिटतात. मी समोर जाऊन उभी राहिले तर माझ्या बाजूने वाकडी मान करून टँक बघतात. ती एकटी हलते ना, तिकडे नजर जाते. ती गेली तर ह्यांचं तोंड मी वळवू कुणीकडे? सांगा ना.

भाऊजी : बोलणं काहीच नाही का अजून?

वहिनी : नाही. कळतं मात्र सगळं, म्हणून हळू बोला. डॉक्टर म्हणाले, आत शब्द आहेत, बाहेरची वाट तुटलीय. उजवी बाजू गेली आणि तोंड गेलं. डावा हात तेवढा आहे.

भाऊजी : हं. जरा उजेडाकडे सरका. हे दादांचं भिंग. ह्या काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, आणि खिडकीकडे धरून बघायचं. आत खारटपणाचे आकडे दिसतात. पस्तीसवर रेघ पाहिजे.

वहिनी : आली?

भाऊजी : पस्तीस. एकदम काट्यावर. बघा तुम्ही पण.

वहिनी : अय्या, खरंच की! वर निळं, खाली पांढरं. म्हणजे जमलं मला? मीठ मीच मोजून टाकलं होतं काल.

भाऊजी : जमलं की.

वहिनी : बावीस वर्षं त्या टँकच्या काचेवर बोट ठेवू दिलं नाही ह्यांनी. ‘तुला नाही कळायचं त्यातलं.’ पाहुण्यांसमोरसुद्धा. आता जाऊन सांगते, पस्तीस आलं म्हणून. आणि टँकचं पण बघा ना, त्याच भिंगाने. हे घ्या, भांड्यात काढून आणलंय.

भाऊजी : द्या. ... ह्याच भांड्यात काढलंत? मीठबीठ लागलं नव्हतं ना त्याला?

वहिनी : धुऊन पुसून घेतलंय. का हो?

भाऊजी : काही नाही. परत एक थेंब टाकतो.

वहिनी : तिसऱ्यांदा पुसताय काच.

भाऊजी : भिंग बिघडलंय बहुतेक. जुनंच आहे.

वहिनी : आत्ता तर काट्यावर होतं! आणा इकडे. ... भाऊजी, हे काय हो? रेघ शेहेचाळीसवर आहे.

भाऊजी : वहिनी, एक विचारू? टँकमधलं पाणी रोज कमी होतं, तेव्हा काय टाकता तुम्ही?

वहिनी : काय म्हणजे? खारं पाणी. सकाळी एक जग, संध्याकाळी एक जग. एक दिवस चुकवला नाही. ताप होता मला, तेव्हासुद्धा भिंतीला धरून धरून टाकलं.

भाऊजी : दुकानातून आणलेलं? कॅनमधलं?

वहिनी : तेच. त्यासाठीच तर जिने चढत होते. असे काय बघताय?

भाऊजी : काही नाही. रोगबीगही असतो हो माशांना. एकदा एकाला झाला की...

वहिनी : मला गोंजारू नका. नीट सांगा.

भाऊजी : आटतं ते नुसतं पाणी आटतं, वहिनी. मीठ आतच राहतं.

वहिनी : मग?

भाऊजी : मग जेवढं आटलं तेवढं साधं पाणी टाकायचं असतं. खारं फक्त महिन्यातून एकदा, जुनं पाणी काढून बदलताना. म्हणून दोन पिंपं. म्हणून तो लाल व्हॉल्व्ह.

वहिनी : म्हणजे मी रोज...

भाऊजी : रोज थोडं थोडं मीठ वाढत गेलं.

वहिनी : चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय मी, भाऊजी. रस्सा आटून खारट झाला की त्यात परत मिठाचं पाणी ओततं का कुणी? नव्या सुनेलासुद्धा कळतं हे. मला कसं कळलं नाही?

भाऊजी : टँकचं तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं कुणी.

वहिनी : विचारलं होतं मी! घरी आणलं त्याच दिवशी विचारलं. टँकखाली दोन निळे कॅन होते. एकातलं बोट बुडवून चाखलं, खारं लागलं. दुसरं चाखलंच नाही. म्हटलं, समुद्रातले मासे, त्यांना खारंच लागणार. तरी कॅन ह्यांच्यासमोर नेऊन विचारलं, ‘हेच ना?’ तर मान हलवली त्यांनी. हो म्हणून हलवली, माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून.

भाऊजी : डॉक्टर म्हणाले नव्हते का, की हो आणि नाही...

वहिनी : उलटं होतं. म्हणाले होते. ‘नाही म्हणायचं असतं आणि मान हो म्हणते, दोनदा विचारत जा.’ दुधाचं दोनदा विचारते मी. पंख्याचं दोनदा विचारते. हे एकदाच विचारलं.

भाऊजी : बसा जरा. ह्या डब्यावर बसा.

वहिनी : थांबा. हात आपटायचे ते.

भाऊजी : कोण? दादा?

वहिनी : मी जग घेऊन टँकपाशी गेले की ते पलंगाच्या दांडीवर डावा हात आपटायचे. धाड धाड धाड. ओतून होईपर्यंत. मला वाटलं, राग येतोय. बावीस वर्षं हात लावू दिला नाही, आता बायको हात लावतेय ते सहन होत नाही. मी काय बोलले माहितीय? ‘आपटा, आपटा किती आपटायचं ते. आता माझंच राज्य आहे.’

भाऊजी : वहिनी, जाऊ दे.

वहिनी : हसून बोलले हो मी ते. आणि एकदा फारच आपटायला लागले, शेजारीण दार वाजवून गेली, तेव्हा तो हात मी पांघरुणात खोचला. घट्ट खोचला आणि मग पाणी ओतलं. एक हात उरलाय त्या माणसाला, भाऊजी, तोही मी बांधल्यासारखा केला.

भाऊजी : चूक माझीपण आहे. हे भिंग कपाटात आहे, मला ठाऊक होतं. आकडे बघता येतात मला. पहिल्या रविवारी आलो असतो, तर दहा मिनिटांत कळलं असतं.

वहिनी : हो, कळलं असतं.

भाऊजी : शिव्या घाला मला.

वहिनी : कशाला घालू? तुम्ही आला नाहीत, मी रोज होते. समोर पडल्या पडल्या त्यांनी एकेक मासा मरताना बघितला, आणि कशाने मरतोय ते त्यांना ठाऊक होतं. घरात त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. दोन महिने, दिवसातून दोनदा, मी त्यांच्या डोळ्यांदेखत ओतत होते.

भाऊजी : तुम्ही वाचवायलाच ओतत होता ना.

वहिनी : म्हणून तर हाल झाले. आळस केला असता, दोन दिवसांआड टाकलं असतं, तर निम्मे तरी जगले असते. आता काय करायचं ते सांगा.

भाऊजी : टँकमधलं खारट पाणी रोज थोडं काढायचं आणि तेवढं साधं टाकायचं. एकदम नाही करता येत, तिला झेपणार नाही. दिवसाला एक-दीड आकडा खाली आणायचा. आठवडा तरी जाईल.

वहिनी : आठवडा काढेल ती?

भाऊजी : प्रयत्न करू ना आपण.

वहिनी : खरं सांगा.

भाऊजी : नाही वाटत. उद्याची सकाळ जरी...

वहिनी : बरं. आणि हे पिंपातलं? पस्तीस आलेलं?

भाऊजी : लागेल पुढेमागे. ती राहिली तर.

वहिनी : नाही राहिली तर?

भाऊजी : मोरीत सोडावं लागेल.

वहिनी : लाल तो साध्या पाण्याचा ना?

भाऊजी : लाल. पण तुम्ही बसा, मी टाकतो.

वहिनी : नको. जग मीच नेणार. ते बघत असतील.

(दोघं आतल्या खोलीत. टँकचा पंप चालू आहे.)

वहिनी : अहो. अहो, इकडे बघा. हे साधं पाणी आहे. भाऊजींनी पिंप लावून दिलं, तुमच्या कागदाप्रमाणे. प्रश्नचिन्ह खोडून टाकलं मी. बघा, पिऊन दाखवते. हे बघा, प्यायले. साधं आहे. तुम्ही सांगत होतात ते कळलं मला. उशिरा कळलं, पण कळलं हो. आता आपटायचं काम नाही.

भाऊजी : दादा, मी पण बघितलंय. साधंच आहे.

वहिनी : ओतते हां. हळूहळू ओतते. भाऊजी, ती दिसते का तुम्हाला दगडामागे?

भाऊजी : दिसते. शेपूट जरा हलल्यासारखी वाटली.

वहिनी : पंपाच्या पाण्याने हलते ती.

भाऊजी : हं. ... वहिनी, आज हात नाही आपटला दादांनी. कळलं असेल त्यांना.

वहिनी : तसं नाही ते.

भाऊजी : अहो, मी बघत होतो ना. जग ओतेपर्यंत हात जागचा हलला नाही.

वहिनी : गेले आठ दिवस हलतच नाही. मी खारं ओतत होते तरी हलला नाही. मी तर पोरीला फोन करून सांगितलं, पटलं गं बाबांना आता, जमायला लागलं तुझ्या आईला.