हॉर्नबीतून बाहेर पडलंय कोण

…आणि वर विचारतात काय, तर हॉर्नबी रोडवर कॉलेज कधी निघालं? आता घ्या. नंदकिशोरचे सासरे गिरगावात राहतात, ऐंशी ओलांडली, त्यांच्या डोक्यात फोर्टातला तो जुना रस्ता, ज्याचं नाव बदलूनही जमाना झाला, आणि इकडे तोक्योत, हिगाशी-कसाईला सहाव्या मजल्यावर नंदकिशोर फोन कानाला लावून समजावतोय की बाबा, रस्ता नाही, हॉर्नबी कॉलेज, अमेरिकेत, आयोवा नावाच्या राज्यात, चारी बाजूंना मका आणि मध्ये कॉलेज, आपल्या सलोनीला तिथे प्रवेश मिळालाय. सासरे म्हणाले, इंजिनिअरिंग? नाही, लिबरल आर्ट्स. म्हणजे चित्रकला? नाही बाबा, सगळंच थोडंथोडं शिकवतात. मग म्हणतात, म्हणजे धड काहीच नाही. आणि फोन लेकीकडे, कल्पनाकडे दे म्हणाले.

तुम्हाला सांगतो, सासऱ्यांचं सोडा, ते लांब आहेत. पण आमच्या इमारतीतले अंबरीष? ते तर लिफ्टमध्ये भेटतात. माणूस वाईट नाही, दिवाळीला सगळ्या मजल्यांवर फराळ पोचवतो, पण त्यांचा अद्वैत शिकतो कॅलिफोर्नियातल्या अशा विद्यापीठात की नाव घेतलं की समोरचा आपोआप मान डोलावतो. त्यांनी हॉर्नबीचं नाव ऐकलं, दोनदा ऐकलं, स्पेलिंग विचारलं, आणि अगदी काळजीने म्हणाले, "नंदकिशोर, कॉलेज चांगलंच असेल हो. पण तिथून बाहेर पडलंय कोण?"

एवढंच. पण हा प्रश्न नंदकिशोरच्या डोक्यात असा शिरला की ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये तोच, बँकेत मीटिंगमध्ये साहेब ओगावा-सान काही विचारतायत आणि हा मनात म्हणतोय, बाहेर पडलंय कोण? आणि खरं सांगू का, त्याला प्रश्न आवडलाही होता. कारण एकुलती एक पोरगी. हा मुंबईहून इथे तीन वर्षांसाठी म्हणून आला, सलोनी तेव्हा बालवाडीत, मुदत वाढत गेली, पोरगी जपानी शाळेत वाढली, आणि आता घरात कुणी मराठीत विचारावं, जेवलीस का, तर उत्तर जपानीत, तेही एका शब्दाचं. काय झालं विचारलं तर ‘बेत्सुनि’. म्हणजे काही विशेष नाही. गेली चार वर्षं त्या घरात काहीही विशेष घडलेलं नाही. अशी पोरगी आता समुद्रापलीकडे जाणार, म्हणजे तो एक शब्दही गेला. मग ‘जाऊ नकोस’ असं तोंडाने म्हणण्यापेक्षा ‘तिथून बाहेर पडलंय कोण’ असं विचारणं बरं नाही का? बाप माणसाला शोभतं तरी.

तर हा बसला कॉलेजची वेबसाइट उघडून. आहे ना, तिथे सोय आहेच, आमचे नामवंत माजी विद्यार्थी. कोण नामवंत? तर एक सिनेटर, वारले, बरीच वर्षं झाली. एक गृहस्थ टीव्हीवर हवामान सांगायचे. एकाने मक्याची नवीन जात काढली, तेही साहजिक आहे म्हणा, खिडकीतून दुसरं काय दिसणार? एक बाई बाहुल्यांचे खेळ करतात. कल्पना मागून वाचत होती, ती म्हणाली, बाहुल्या चांगल्या आहेत. नंदकिशोरने पान खाली सरकवलं. आणि सगळ्यात खाली, फोटोसकट, त्सुजिमोतो नावाच्या बाई, समाजसेविका, राहणार कोबे, जपान.

जपान! म्हणजे साक्षीदार शिनकान्सेनने, त्या बुलेट ट्रेनने, अडीच-तीन तासांवर. नंदकिशोरने कॉलेजला मेल टाकली, कॉलेजने बाईंना विचारून पत्ता कळवला, बाईंनी शनिवारी दुपारी या म्हटलं. छोट्या कॉलेजचं हे एक बरं असतं, कुणीतरी उत्तर देतं. कल्पनाने बाईंसाठी बाकरवडीचा डबा दिला, गाडीत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या, आणि नंदकिशोरला बजावलं, तिथे जाऊन मुलाखत घेऊ नकोस. सलोनीने कानात इअरफोन घातले ते तोक्योला, काढले ते शिन-कोबेला. मधे एकदा पुरी घेतली. तेवढाच संवाद.

बाईंचं घर चढावर. कोबे म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला बंदर, मधे जिथे जागा मिळेल तिथे माणसं. सत्तरी ओलांडलेल्या, किरकोळ अंगाच्या, केस कापलेल्या त्सुजिमोतो-सान दारातच उभ्या. इंग्रजी झकास. चहा झाला, बाकरवडी एक खाल्ली, दुसरी विचारून घेतली, आणि नंदकिशोरने काय केलं? मुलाखत घेतली. कर्जाची चौकशी करावी तसे प्रश्न. शिक्षक कसे, थंडी किती, पुढे नोकऱ्या लागतात का, आणि शेवटी, मॅडम, आपण पदवीधर कोणत्या वर्षीच्या?

बाई म्हणाल्या, "मी पदवीधर नाही."

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं? सुट्टीचा शनिवार घालवून, पोरीला घेऊन, नामवंत पदवीधर बघायला आलो आणि नामवंत आहे पण पदवीधर नाही!

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांच्या असताना गेल्या, वडिलांचं इथे बंदरात दुकान, जहाजांना दोरखंड पुरवायचं. तिसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांनी निरोप धाडला, सुट्टीपुरती ये. ह्या आल्या. सुट्टी संपली, वडील म्हणाले, दुकानाचं एवढं मार्गी लावून जा. ते मार्गी लागलं, मग म्हणाले, थंडी संपली की जा. नाही म्हटलंच नाही त्यांनी कधी. नुसतं पुढे ढकललं. पुढे दहा-बारा वर्षं जगले, आणि ह्या दोरखंड विकत राहिल्या. नंतर कोबेत तो मोठा भूकंप झाला, शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्यांनी आसरा घेतला, त्यात परदेशी खलाशी होते, इथली हिंदुस्तानी व्यापाऱ्यांची कुटुंबं होती, कुणाला पाणी कुठे मिळतं ते वाचता येईना. ह्यांनी पुठ्ठ्यांवर इंग्रजीत आणि साध्या जपानीत लिहून भिंती भरल्या. पाणी इथे, डॉक्टर तिथे, अमक्या गल्लीतलं न्हाणीघर सुरू झालं. कुणी तरी फोटो काढला, तो फिरत फिरत हॉर्नबीला पोचला, आणि कॉलेजने ह्यांना नामवंत करून टाकलं. ह्यांनी कळवलं की अहो, मी शिक्षण पुरं केलेलं नाही. कॉलेजने उत्तर दिलं, आम्हाला माहीत आहे, पण राहू दे.

"तिथे काय शिकलात?" नंदकिशोरने विचारलं. आवाज जरा उतरला होता.

बाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी एक प्राध्यापक प्रत्येक निबंध परत करायचे आणि विचारायचे, हे कोणासाठी लिहिलंय? तेवढं लक्षात राहिलं.

नंतर त्या सलोनीशी जपानीत बोलायला लागल्या. आणि तुम्हाला सांगतो, पोरगी बोलायला लागली. एका शब्दाची पोरगी हातवारे करून बोलतेय, हसतेय, बाई हसतायत, आणि नंदकिशोर मधे बसलाय. पंधरा वर्षं या देशात, याचं जपानी स्टेशनवरच्या सूचनांपुरतं आणि ऑफिसातल्या नमस्कारापुरतं. याला फक्त ‘ओतोसान’ कळलं, म्हणजे वडील, आणि ते वारंवार येत होतं. आपल्याविषयी चाललंय हे कळणं आणि काय चाललंय हे न कळणं, याच्याइतकी वाईट जागा नाही. बाईंनी मग काही तरी हळू विचारलं. सलोनीने मान हलवली, नको म्हणाली असावी. बाईंनी पुन्हा तेच म्हटलं, आणि नंदकिशोरकडे वळून इंग्रजीत सांगितलं की एक प्रश्न आहे, पण तो मी विचारणार नाही, ही विचारेल, तुमच्या घरच्या भाषेत.

सलोनीने टेबलाकडे बघत, एकेक शब्द गोळा करत म्हटलं, "बाबा, त्या विचारतायत… तू आजारी पडलास, तर मला परत बोलावशील का?"

कित्येक महिन्यांत तिने उच्चारलेलं हे पहिलं सबंध मराठी वाक्य, आणि ते नेमकं हे. नाही म्हणणं सोपं होतं. चांगला दिसला असता. पण समोर ती बाई बसलेली, जिच्या वडिलांनी जायला कधी नाही म्हटलं नव्हतं. नंदकिशोरने गार झालेला चहा उगाच प्यायला.

"बोलावणार," तो म्हणाला. "मला माहितेय, मी बोलावणार. पण तू येऊ नकोस."

सलोनीने बाईंना ते भाषांतर करून सांगितलं का? नाही. ती बापाचा कप उचलून आत गेली आणि गरम चहा घेऊन आली. बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी तिसरी बाकरवडी घेतली.

परतीच्या गाडीत इअरफोन बॅगेतच राहिले. फार बोलणं झालं असं नाही, पण क्योतो गेल्यावर तिने सगळ्या पुऱ्या संपवल्या आणि नागोयाच्या आत बापाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि नंदकिशोरने शिन-योकोहामापर्यंत खांदा हलवला नाही. रविवारी सकाळी हॉर्नबीला होकार गेला.

सोमवारी लिफ्टमध्ये अंबरीष. काय, कळलं का, बाहेर पडलंय कोण? नंदकिशोर म्हणाला, "एक बाई. तिसऱ्या वर्षीच बाहेर पडल्या." अंबरीषना वाटलं फारच हुशार असतील, त्यांनी मान डोलावली.

ऑगस्टमध्ये पोरगी गेली. कल्पना विमानतळावर रडली, नंदकिशोर घरी येऊन रडला, प्लॅस्टिकचा आणि जळणारा कचरा वेगळा करता करता. आता रोज सकाळी फोन येतो, तिकडे संध्याकाळ. आणि तुम्हाला सांगतो, सगळं मराठीत. तासभर, धबधब्यासारखं, चुका करत, शब्द अडला की आईला विचारत. कल्पनाच्या डोळ्यांना पाणी, काय हो ही मातृभाषेची ओढ! नंदकिशोरने विचारलं सलोनीला, हे अचानक कसं काय? तर म्हणाली, माझ्या खोलीत जी दुसरी मुलगी आहे ना, ती कॉलेजात जपानी शिकते, तिला जपानी कळतं. इंग्रजी तर कळतंच. आणि तिच्याबद्दलच तर सगळं सांगायचं असतं. मोजे धूत नाही, गजर तीनदा वाजवते, न विचारता शाम्पू घेते…

मग रोज सकाळी नवरा-बायको चहा घेऊन बसतात आणि आयोवातल्या कुठल्याशा मुलीच्या मोज्यांबद्दल ऐकतात. चांगली मुलगी असणार बिचारी. पण ती सुधारू नये, एवढीच आता नंदकिशोरची इच्छा आहे.