तापलेला कंडेन्सर

अमळनेरच्या स्टँडवर चहाच्या गाडीपाशी तापीत नाव चालवणारा संघपाल आणि त्याच्या नावेच्या जुन्या इंजिनाचा फिटर सुपडूनाना बसले होते. मी काही चोरून ऐकलं नाही. तेच मोठ्यानं बोलत होते.

“नाना, इंजिन काठावर चालतं अन् मधल्या धारेत बंद पडतं. तुम्ही म्हणालात, पेट्रोलमध्ये पाणी शे.”

“मग? ठिणगीचा कंडेन्सर मी मीटरवर तपासला व्हता. चांगला शे.”

“पेट्रोल सपना भरते. मी तिला नको ते बोललो. महिना झाला, ती इथं माहेरी येऊन बसली.”

“बोललास तू. मी नाही.”

“गार तपासलात का तापलेला?”

“खोललेलं इंजिन गारच राहणार, शहाण्या.”

“मग आज तापवून बघा. मी तो काढून आणलाय, अन् मीटर तुमच्या पिशवीतच राहतं. चहावाले भाऊ, हा एवढासा डबा जरा किटलीच्या झाकणावर ठेवू का?”

“ठेवा. चहात पाडू नका.”

“आता पकडीनं धरा नाना, भाजेल. काटा उडाला. चांगला असेल तर परत यायला हवा. येतो का?”

“थांब जरा.”

“थांबलो.”

“नाही येत. तापला की ह्याच्यातून वीज गळते, ठिणगी पडत नाही. पेट्रोल चांगलंच व्हतं रे. नवा टाकून देतो.”

“नवा उद्या टाका. आधी सपनाकडे चला अन् हेच तिला सांगा.”

“अन् तू?”

“मी दाराबाहेर उभा राहतो.”

“तिला बोललास तेव्हा दाराबाहेर व्हतास का?”